टेपमधली रिकामी जागा

वडील गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यांचा चेहरा मला फोटोवरून ठाऊक आहे आणि आवाज एका टेपवरून. साठच्या दशकात त्यांनी हौसेनं एक जुना, मोठ्या रिळांचा म्हणजे स्पूलचा टेपरेकॉर्डर घेतला होता. त्यावर त्यांचं एकच रेकॉर्डिंग. "हॅलो, हॅलो, चालू झालं वाटते," म्हणतात, मग आईला म्हणतात, "बोल न वं काही. काहीबी बोल." त्यानंतर बराच वेळ शांतता. आजी शेजारच्या खोलीत होती, आणि सासूच्या कानावर जाईल असं नवऱ्याशी बोलणं आमच्याकडे चालत नसे, म्हणून आई गप्प बसली. मग वडील हसतात, "लाजते" म्हणतात आणि पेपर वाचायला घेतात.

आई ती टेप अधूनमधून दुपारी लावायची आणि त्या रिकाम्या जागेत उत्तर द्यायची. "आज सरगुंडे केले. तुम्ही जेवले काय?" अगदी सहज, ते पाटावर बसल्यासारखं. लहानपणी दाराआडून ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. त्यातून त्या टेपला एक खोड होती. "लाजते" हा शब्द यायच्या जरा आधी तोच शब्द पुसट, फार लांबून आल्यासारखा ऐकू यायचा. नागपूरच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेल्या टेपचा एक वेढा दुसऱ्यावर उमटतो, हे मला पुढे कळलं. आईला सांगून उपयोग नव्हता. "आधी मनात बोलतात, मग तोंडानं," ती म्हणायची.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मशीननं मान टाकायला सुरुवात केली. आतला रबरी पट्टा सैल झाला होता, वडिलांचा आवाज मधेच जाड होऊन ओढल्यासारखा येई. बर्डीच्या बाजारातल्या दुकानदारानं सांगितलं, असा पट्टा आता मिळत नाही, चालतंय तोवर कॅसेटवर उतरवून घ्या. मशीन बंद पडलं की वडील माझ्यासाठी दुसऱ्यांदा जाणार होते, कारण फोटो सोडला तर त्यांचं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मी कॅसेट रेकॉर्डर आणि एक जोडायची तार घेऊन माहेरी गेले.

ती तार म्हणजे निव्वळ डोकेदुखी. दोन्ही मशीनच्या पाठीला भोकं, सगळी एकाच तोंडवळ्याची. एकातून आवाज बाहेर पडतो, दुसऱ्यातून आत शिरतो. याचं बाहेरचं त्याच्या आतल्याला जोडायचं, एवढीच गोष्ट. मी नेमकं बाहेरचं बाहेरच्यालाच जोडलं. कॅसेटवर नुसती खरखर आली. दोन्ही मशीन बोलत होती, ऐकत कोणीच नव्हतं. चिडून तार उपटली, नीट लावली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आई शेजारीच होती. रिकामी जागा आली तशी ती सवयीनं बोलली.

मग आम्ही कॅसेट ऐकली. वडील स्वच्छ आले. "काहीबी बोल." शांतता. आणि त्या शांततेत एकदाच बांगड्या किणकिणल्या. मी दचकून आईच्या हातांकडे पाहिलं. हात कधीचे रिकामे होते; किणकिण टेपवरचीच, त्या दिवसाची होती. इतकी वर्षं ती त्या आवाजावरच बोलत आली होती, म्हणून तो आम्हाला कधी ऐकू आला नव्हता.

आईचं बांगड्यांकडे लक्षच नव्हतं. "माझं काहून नाही आलं?" तिनं विचारलं.

तारेतून फक्त टेपवरचं जातं, मी समजावलं. या खोलीत आपण काहीही बोललो तरी ते त्यात जात नाही.

ती मशीनकडे वळली. "म्हणजे इतके वर्ष मी बोलून राहिली, ते त्यायच्यापर्यंत गेलंच नाही?"

"तार काढून करू," मी घाईघाईनं म्हटलं. "माइक ठेवून. मग तुझंही येईल."

दुसरी कॅसेट घातली, स्पूलच्या स्पीकरसमोर माइक ठेवला, पंखा बंद केला, दारंखिडक्या लावल्या. मे महिना, जीव उकडून निघाला. आईनं पदर सावरला, केस सारखे केले. वडील म्हणाले, "काहीबी बोल," आणि ती बोलली, "मी बरी आहो. पोरगी घरी आली आहे. तुम्ही बराबर जेवत जा."

कॅसेट मागे फिरवून लावली. एक हसरा, तरणाबांड माणूस म्हणाला, बोल न वं. त्याला दात गेलेल्या, कापऱ्या आवाजानं उत्तर दिलं. तो हसला आणि म्हणाला, "लाजते."

आईनं माझा हात घट्ट धरला. "ही कोण बुढी बोलून राहिली वं त्यायच्यासंग?"

"आई, तूच आहेस."

तिनं स्वतःचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिचा चेहरा उतरत गेला.

"मले पुसून टाक," ती म्हणाली. "मी बुढी झाली, हे त्यायले अजून माहीत नाही."

मी ती कॅसेट तिच्यासमोर पुसली. त्यानंतर टेपवर ती जागा आली की आई तोंडातून अक्षर काढत नसे.