खाली गेलेल्याचा हुकूम

नत्थूजीला हुकूम सोडायची भारी हौस. शहराच्या महाल भागातल्या ज्या गल्लीत तो राहायचा, तिथे रिक्षा कुठे उभी करावी, वाळवण कोणी कुठे घालावं आणि गाडी वळवताना बैलाने आधी कोणता पाय टाकावा, हे सगळं तो ओट्यावर बसून ठरवायचा. ऐकायचं कोणी नाही, ही गोष्ट वेगळी. त्याची बायको पंचफुला म्हणायची, यांचा आवाज आधी घरात येतो, हे मागून जेवायच्या वेळेला येतात.

सन पासष्ट-सहासष्टच्या सुमाराला हा आवाज शालिकरामच्या टोळीत लागला. टोळी विहिरी उपसायची. होळी झाली की मृग लागेपर्यंत शहरातल्या आणि आसपासच्या विहिरींचा गाळ काढायचा, बाकीचे महिने मिळेल ते काम. शालिकराम मुकादम. हाताखाली दादाजी आणि मारोती हे दोघे भाऊ, ज्यांना एकाने हो म्हटल्याशिवाय दुसऱ्याला हो म्हणता येत नसे. आणि कवडू, जो फारसा बोलतच नसे. नत्थू पाचवा. बोलणं मोजलं तर सहावा आणि सातवाही तोच.

शालिकरामच्या कामाची एक रीत होती आणि ती कोणासाठी बदलत नसे. बंद विहिरीत हवा मरून पडलेली असते, असं तो म्हणायचा. ती दिसत नाही, बरेचदा तिला वासही नसतो. तळाशी निजलेली असते आणि गाळ हलवला की उठते. म्हणून आधी कडुनिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून तासभर विहिरीत वरखाली करायचा. मग रॉकेलची चिमणी सोडून पाहायची. चिमणी तगली की सगळ्यात पहिले मुकादमाने उतरायचं, कमरेला दोर बांधून, चिमणी पायांच्या हातभर खाली लटकती ठेवून. तळाला टेकल्यावरही ती घोट्याजवळच राहिली पाहिजे. मेलेली हवा आधी तिला गाठते, मग माणसाला.

आणि तळातून हाजरी द्यायची. दर दहा टोपल्यांमागे खालच्याने मोठ्याने नावं घ्यायची. काठावरच्यांची वयाच्या क्रमाने, स्वतःचं शेवटी. क्रम चुकला की काठावरच्यांनी विचारत बसायचं नाही, ओढून घ्यायचं. खालचा शिव्या देवो नाहीतर शपथा घालो.

“खाली गेला का माणूस गाठोडं,” शालिकराम सांगायचा. “गाठोड्याचा हुकूम आयकाचा नसते.”

“आन गाठोडं मुकादम असन तं?” नत्थूने विचारलं.

“तं मोठं गाठोडं.”

सगळे हसले. नत्थूला हसू आलं नाही. स्वतःचं नाव शेवटी काहून, हेही त्याने एकदा विचारून पाहिलं. शालिकराम दोराला पीळ देत होता. मान वर न करता म्हणाला, “हवा चढली का माणसाले पहिले आपलंच नाव आठोते गा.”

सत्तर साली शालिकरामचे गुडघे गेले. दोर कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न आला, तेव्हा दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले, कवडू जमिनीकडे पाहत राहिला आणि नत्थू सरळ शालिकरामकडे पाहत राहिला. शालिकरामने एकच अट घातली. दोर हातात घ्यायच्या आधी स्वतःला एक हुकूम द्यायचा आणि महिनाभर पाळून दाखवायचा. लहानसाच चालेल.

नत्थूला लहानसं काही सुचायचंच नाही. त्याने सगळ्या गल्लीदेखत तंबाखूची डबी घराच्या छपरावर, कवेलूंवर भिरकावली आणि आजपासून बंद असं जाहीर केलं. चौथ्या दिवशी भर दुपारी तो कवेलू सारखे करायला म्हणून वर चढला. पंचफुला खाली शिडी धरून उभी. बराच वेळ कवेलूंचा आवाज नाही, तेव्हा ती म्हणाली, “घरातले सारे तुमचा हुकूम आयकतेत. एक माणूस सोडून.”

“कोण तो?”

“तोच, जो आता कवेलूवर बसून राहिला.”

महिना भरल्यावर नत्थूने शालिकरामला सांगितलं, पाळला. शालिकराम त्याच्या दातांकडे पाहत राहिला, इतका वेळ की नत्थूने तोंड मिटून घेतलं. पण दुसरं कोणी पुढे येत नव्हतं आणि काम तर आलेलं होतं. दोर नत्थूकडे गेला. त्या दिवसापासून तो नत्थूजी झाला.

मुकादम म्हणून तो वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. टोळी वेळेवर येऊ लागली, फक्त मुकादम सोडून. पाटीला पाटी लागू लागली. पहिले उतरायची रीतही त्याने मोडली नाही, कारण उतरताना चारचौघं काठाशी जमून पाहतात, हे त्याला आवडायचं. हाजरीचाच तेवढा त्याला काच होता.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात एका देवळामागच्या विहिरीत हाजरी देताना त्याला ठसका लागला. तंबाखूचाच होता. दादाजीचं नाव झालं, मारोतीचं अर्धं राहिलं, आणि कवडूने दोर ओढायला घेतला. भावांनीही हात लावला. नत्थूजी चिखलाने माखलेला, हातपाय झाडत, ओरडत वर आला. देवळातून परतणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एक म्हणाली, मुकादम निघाला का वं गाळातून.

त्या दिवशी नत्थूजीने टोळीला नवा कायदा सांगितला. मुकादम वर असो की खाली, हुकूम मुकादमाचा. तो ओढा म्हणेल तेव्हाच ओढायचं, नाही म्हणेल तोवर दोराला झटका द्यायचा नाही. आणि कवडूला आठ दिवस दोरापासून दूर टोपल्या वाहायला लावलं. कवडूने टोपल्या वाहिल्या, आठव्या दिवशी दोराशी येऊन उभा राहिला, आणि त्यानंतर मुकादमाच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय त्याने दोराला बोटही लावलं नाही. भाऊ तर काय, कवडू पाहतो म्हणून तेही पाहायचे. टोळीला शिस्त लागली, असं नत्थूजी सगळ्यांना सांगायचा. खरंच लागली होती.

ही बातमी शालिकरामच्या खाटेपर्यंत गेली. त्याने निरोप धाडला तो एवढाच: “मंग त्या चिमणीलेही सांगून ठेव, तुले इचारून इझत जाय.”

नत्थूजीने तो निरोप विनोद म्हणून टोळीला ऐकवला. हसला मात्र तो एकटाच.

त्र्याहत्तरच्या वैशाखात नळ एक दिवसाआड येऊ लागले आणि ज्याच्या त्याच्या परसात बुजवलेल्या, झाकलेल्या विहिरींची आठवण निघाली. मनोहररावांची डाळीची गिरणी होती. तिच्या मागच्या अंगणात एक विहीर अकरा वर्षं फरशीखाली बंद होती. फरशीच्या एका फटीतून इतकी वर्षं डाळीचा कोंडा आत झरत राहिला होता, हे मनोहररावांनी बोलता बोलता सांगितलं, जसं एखादा जावयाबद्दल सांगतो की थोडा तापट आहे.

फरशी सरकवली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. आंबूस, गोडसर असा वास आला आणि लगेच गेलाही. काठावर एक पारवा येऊन बसला, आत वाकून पाहिलं आणि उडून गेला. मारोतीने दादाजीकडे पाहिलं. दादाजीने कवडूकडे. कवडू आत पाहत होता. इतक्या उन्हात त्या विहिरीत एक डास घोंघावत नव्हता.

कडुनिंबाचा भारा तासभर हलवायचा, तो अर्धा तास हलवला, कारण मनोहरराव खुर्ची टाकून बसले होते आणि नत्थूजीला थांबलेलं दिसायचं नव्हतं. चिमणी सोडली. तळाशी तिची ज्योत वाटाण्याएवढी झाली, पण तगली. नत्थूजीने दोर बांधला, तंबाखूची चिमूट गालात धरली आणि उतरला.

तळाला पाणी नव्हतं. गुडघाभर काळा लगदा होता आणि पायाशी लटकलेली चिमणी त्यात बुडायला पाहत होती. आता एक तर वर यायचं आणि भारा पुन्हा हलवायचा, नाहीतर ती उचलायची. नत्थूजीने ती उचलली आणि छातीच्या उंचीवर दगडाच्या खाचेत ठेवून दिली. तिथे ती छान जळू लागली. त्यालाही बरं वाटलं. फावडं मारलं तसे लगद्यातून बुडबुडे आले, मंद, मोठमोठे, भात शिजताना येतात तसे.

दहा टोपल्या वर गेल्या. हाजरी आली: दादाजी, मारोती, कवडू, नत्थूजी. ठीक. आणखी चार टोपल्या गेल्या, आणि पाचवी अर्धीच भरून आली. मग काही वेळ फावड्याचा आवाज नाही. मग न मागता हाजरी सुरू झाली.

“नत्थूजी,” खालून आवाज आला. खुशीत होता. “नत्थूजी, कवडू... नत्थूजी.”

काठावर तिघे उभे होते. तिघांचे हात दोरावर होते आणि तो दोर नत्थूजीच्या कमरेला पक्का बांधलेला होता. फक्त ओढायचं होतं. दादाजी हळूच म्हणाला, ओढू का. कवडूने खाली वाकून विचारलं, मुकादम, ओढू का?

“नाई ओढाचं,” नत्थूजी हसत म्हणाला. “माहा हुकूम हाये. मस्त थंडं हाये अथी. कवडू, तू ये खाली.”

कवडूचे हात दोरावर तसेच राहिले. मनोहरराव खुर्चीतून उठले होते, पण त्यांना काय विचारावं हे कळत नव्हतं. कवडूला कळत होतं. शालिकरामच्या हाताखाली त्याची पंधरा वर्षं गेली होती. आणि नंतरची तीन वर्षं गेली होती या मुकादमाच्या हाताखाली. त्याने दोर सोडला, दुपट्टा नाकाला बांधला आणि भिंतीतल्या खाचांवर पाय ठेवत, दोराशिवाय, खाली उतरला.

तळाशी नत्थूजी लगद्यात बसलेला होता, पाठ भिंतीला टेकून, ओट्यावर बसावं तसा. कवडू वाकला, त्याच्या कमरेची गाठ तपासली आणि वर तोंड करून ओरडला, “ओढा.”

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. कवडू मुकादम नव्हता. हुकूम मुकादमाचा होता, आणि तो तर नाही ओढायचं असा होता. ते किती वेळ तसे उभे राहिले, हे दोघांनीही पुढे कधी नीट सांगितलं नाही. दहा श्वास, वीस श्वास. कवडूने पुन्हा हाक मारली, या वेळी हलकी. मग छातीच्या उंचीवरची चिमणी विझली, आणि तेव्हा कुठे त्यांनी ओढलं.

नत्थूजी वर आला. उन्हात निजवल्यावर ओकला, आणि डोळे उघडून पहिलं वाक्य बोलला ते हे, की कोणी सांगितलं होतं ओढायला. दोर परत खाली गेला. तो कोणी धरला नाही. शेवटी बादल्या काढायच्या गळाने कवडूच्या धोतराचा काष्टा धरून त्याला वर घेतलं.

कवडू वाचला. दवाखान्यातून महिन्याने घरी आला, जेवू लागला, चालू लागला. पण आतलं काहीतरी खालीच राहिलं. बोटाला धरून नेलं तर जायचा, बसवलं तर बसायचा. आधीही तो बोलत नसे, पण तेव्हा तो बोलत नाही हे जाणवायचं.

नत्थूजी शालिकरामकडे गेला. म्हातारा शिव्या देईल असं त्याला वाटत होतं, आणि द्याव्यात असंही. शालिकरामने विचारलं ते एवढंच: “पहिलं नाव कोणाचं घेतलं बे?”

“माह्यं,” नत्थूजी म्हणाला.

त्याने दोर दादाजीला दिला आणि स्वतः टोपल्या वाहू लागला. किती दिवस, असं कोणी ठरवून दिलं नव्हतं. आठ वर्षं झाली. ओट्यावर बसायचा, पण रिक्षा हव्या तशा लागायच्या आणि बैल त्यांना सुचेल तो पाय टाकायचे. तंबाखूबद्दल त्याने कोणाला काही सांगितलं नाही. एक दिवस पंचफुलाला डबी चुलीशी दिसली, घासलेली, तिच्यात जिरं भरलेलं होतं. तिने मग सहा महिने रोज डबीचं झाकण उघडून आत जिरंच आहे ना, हे पाहिलं.

एक्याऐंशीत दादाजीला दमा लागला आणि टोळीने पुन्हा नत्थूजीला विचारलं. तो नको म्हणत राहिला, मग हो म्हणाला, एका अटीवर. दोराचं शेपूट कवडूच्या हातात राहील. कवडूने झटका दिला की सगळ्यांनी ओढायचं. कशासाठी दिला, हे विचारायचं नाही.

ही अट म्हणजे चेष्टाच होती. कवडूला क्रम कळत नव्हता, नावंही कळत होती की नाही कोण जाणे. तो काठापाशी पोत्यावर बसायचा आणि मनात येईल तेव्हा झटका द्यायचा. कावळा ओरडला की, सायकलची घंटी वाजली की. एका सकाळी नत्थूजी चारदा वर आला. घरमालक हसून बेजार झाले, म्हणाले, मुकादम आहे का बादली. नत्थूजी काठावर यायचा, तोंडावरचा चिखल पुसायचा, कवडूकडे पाहायचा आणि पुन्हा उतरायचा.

ब्याऐंशीच्या चैत्रात महालातच एका बंद विहिरीत तो उतरला. तासभर भारा हलवला होता, चिमणी घोट्याशी होती, गाळ थोडाच होता. अंग हलकं वाटत होतं, वारा लागल्यासारखं. त्याने हाजरी सुरू केली. दादाजीचं नाव आता नव्हतं. मारोती, म्हणाला. कवडू, म्हणाला. स्वतःचं घ्यायला तोंड उघडलं आणि कमरेला झटका बसला.

तो वर आला. क्रम तर बरोबर होता. कावळा नव्हता, सायकल नव्हती. मारोती ओशाळून म्हणाला, कवडूने ओढलं म्हणून ओढलं, आणि हसला.

नत्थूजी हसला नाही. तो आपल्या पायाकडे पाहत होता. चिमणी विझलेली होती. कधी विझली, हे त्याला कळलं नव्हतं. त्याने वाकून तिच्या काचेला हात लावला. काच थंड होती.

कवडूने अजून दोर सोडला नव्हता.