अण्णांच्या नावाचे चौकोन

"हिला सवयी लागत नाहीत, वह्या लागतात," असं माझा नवरा म्हणतो. त्याचं म्हणणं खरं आहे, फक्त त्याच्या तोंडून ऐकवत नाही. ठिपक्यांची ती वही मी मेनरोडवरून आणली तेव्हा त्याने किंमतही विचारली नाही. नुसतं म्हणाला, "ही कितवी?"

पण ही वही वेगळी होती. बुलेट जर्नल म्हणतात तिला. पानांवर रेघांऐवजी फिकट ठिपके असतात आणि सगळं आपणच आखून घ्यायचं असतं. करायच्या कामाआधी एक ठिपका काढायचा, काम झालं की त्यावर फुली मारायची, आणि नाही झालं तर बाण काढून ते पुढच्या महिन्यात ढकलायचं. मी कचेरीत कारकून आहे, कामं पुढे ढकलायला आम्हाला बाण लागत नाही. तरीही मी त्या पद्धतीच्या प्रेमातच पडले. व्हिडिओत शिकवणाऱ्या मुलीची पानं इतकी नीटनेटकी होती, की आपलं डोकंही तसंच लख्ख होईल असं वाटलं.

सुरुवात साधी करा, एक वही आणि एक पेन पुरे, असं ती मुलगी दर व्हिडिओत बजावायची. मी रंगीत पेनांचा अख्खा डबा आणला. दिवाळीनंतरचे दोन रविवार नुसते मथळे रंगवण्यात गेले. नमनाला घडाभर तेल ओतायची आमच्याकडे जुनीच चाल आहे.

सगळ्यात देखणं पान होतं सवयींचं. डावीकडे सवयी, वर तारखा आणि मध्ये चौकोनांची जाळी. सवय पाळली की त्या दिवसाचा चौकोन रंगवायचा. पाणी पिणे, चालणे, वाचन, गोड बंद. खाली एक रांग उरली होती आणि ती रिकामी बरी दिसत नव्हती. म्हणून मी तिथे लिहिलं, 'अण्णांना फोन'.

अण्णा म्हणजे माझे वडील. सिन्नरला कारखान्यात होते, आता निवृत्त आहेत. आई गेल्यापासून एकटेच राहतात, हाताने करून खातात. तोवर माझा फोन रविवारी जायचा, तोही आठवला तर. रोजच्या फोनचं माझ्या मनात आलं ते पानावर जागा उरली म्हणून. हे लिहिताना लाज वाटते, पण घडलं ते असंच.

वेळ मी माझ्या सोयीची धरली. संध्याकाळी साडेसातला कुकर लावला, की शिट्ट्या होईपर्यंत हात मोकळे असतात. पहिले काही दिवस अण्णा घाबरूनच फोन उचलायचे.

"जयभीम. सगळं बरं हाय ना?"

"बरंय हो. सहज केला."

मग तेही सरावले. दिवसभरातली एखादी गोष्ट माझ्यासाठी राखून ठेवायला लागले. शेजारणीची शेळी व्याली, बाजारात कोथिंबीर कुणी फुकट घेईना, कुणाच्या तरी नातवाने चप्पल गटारात टाकली. मी "हो का, हो का" करत कान शिट्ट्यांकडे लावून असायचे. पुढे पुढे ती शिट्टी त्यांनाही ऐकू यायला लागली. गोष्ट अर्धवट टाकून तेच म्हणायचे, "चल, झाला तुझा कुकर." मी गॅस बंद करायचे आणि हिरव्या पेनाने चौकोन भरायचे. पाणी, चालणं, वाचन सगळं मागे पडलं, हिरवी रांग मात्र सलग पुढे जात राहिली. एकदा मी त्या पानाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. "वडिलांना रोज फोन! शिकण्यासारखं आहे," असं कुणीतरी लिहिलं, आणि मी खाली हात जोडले.

मग एका संध्याकाळी अण्णांनी फोन उचललाच नाही. घंटी पूर्ण वाजून थांबली. मी माझ्याकडून फोन केला होता, तेव्हा चौकोन रंगवायला हरकत नव्हती. तो रंगवला आणि जेवण झाल्यावर पुढच्या महिन्याचं पान घेऊन बसले. कडेने झेंडूची फुलं काढत होते. तेवढ्यात अण्णांचाच फोन आला. माझी एक पाकळी अर्धी होती, शाई ओली होती, आणि आजचा चौकोन तर भरून झाला होता. फोन वहीशेजारी वाजत राहिला आणि मी पाकळी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काल न्हाणीत व्हतो गं. भाहेर आल्या आल्या लावला. तू कामात आसशील."

"हो, कामात होते," मी म्हणाले.

नव्याचे नऊ दिवस, तशी ती वही जेमतेम मार्चपर्यंत टिकली. मार्च अखेरीला कचेरीतून निघायलाच उशीर व्हायला लागला. हिरव्या रांगेत पांढरी भोकं पडली. एक चौकोन मी फोन न करताच रंगवला, मग स्वतःचाच राग आला आणि वही कपाटात टाकली. तिच्याबरोबर रोजचा फोनही बंद झाला. मी काही ठरवून बंद केला नाही, तसं मुद्दाम सांगायलाही जमलं नाही. पुन्हा रविवार, आठवला तर. अण्णांनी एका शब्दाने विचारलं नाही, म्हणून मी समजून चालले की त्यांच्याही लक्षात आलं नसेल.

वैशाखी पौर्णिमेला मी सिन्नरला गेले. अण्णांच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे. तिथली रोजची वंदना इतकी वर्षं अण्णाच घेत आले. ते एक ओळ म्हणणार, मागून सगळे म्हणणार. विहाराची चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. संध्याकाळी मी पांढरी साडी नेसले आणि म्हटलं, "चला अण्णा, वेळ झाली."

ते खाटेवर बसले होते, उशाशी मोबाइल होता. "तू व्हय पुढं. मी येतो मागनं."

ते आले नाहीत. वंदना शेजारच्या काकूंनी घेतली. नंतर खीर वाटताना मी त्यांना विचारलं, की अण्णा का आले नाहीत.

"भाऊ आता कुठं येत्यात?" काकू म्हणाल्या. "दिवाळीपासनं चावी माझ्याकडंच दिली त्यांनी. म्हने, साडेसातला पोरीचा फोन येतो, वंदना सोडून कसा घेनार? आमी म्हनलं, वंदनाच उशिरा करू. तर नाय म्हनले, एका मानसापायी सगळ्यांचा खोळंबा नको. लय कौतुक सांगतात तुझं. आजून करती ना रोज?"

माझ्या हातात खिरीची वाटी होती. वंदनेची वेळ साडेसातची, हे मला लहानपणापासून पाठ होतं. त्यांच्यामागून ओळी म्हणतच मी मोठी झाले होते. कुकरची वेळ मी पाहिली, ही नाही पाहिली. "हो," एवढंच म्हणून मी तिथून निघाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी अण्णा तसेच बसून होते.

"अण्णा, मी तर इथंच आहे. मग कुणाच्या फोनसाठी थांबलात?"

ते ओशाळं हसले. "सवय झाली गं."

"पण मी मार्चपासून रोज करत नाही. तुम्ही वंदनेला परत का नाही गेलात?"

"गेलो आसतो तर समद्यांनी इचारलं आसतं, आज फोन नाय का. काय सांगनार व्हतो? पोरीनं बंद केला म्हनून?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वही, चौकोन, हिरवं पेन, पानावर उरलेली जागा. रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता. अण्णांनी एखाद्या यंत्राची माहिती ऐकावी तसं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे वहीत लिव्हलेलं आसलं की तुझ्या ध्यानात राहतं?"

"हो."

"मंग आता वही भरली का?"

वही निम्मी कोरी होती. झेंडूची फुलं काढलेलं पान तर अर्धंही भरलं नव्हतं.

"हो, भरली," मी म्हणाले.

"मंग दुसरी घे की," अण्णा म्हणाले. उशाचा मोबाइल उचलून त्यांनी खिशात ठेवला. आजवर त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. जरा चाचरतच ते म्हणाले, "फकस्त या वेळेला आठचं लिव्ह. तवर माझी वंदना व्हती."