दारापुढचा स्पीडब्रेकर
आज सकाळी आमच्या दारापुढं रस्त्यावर नवा स्पीडब्रेकर केला. तापलेल्या डांबराचा वास घरात शिरला आणि वडील गेले ते वर्ष आठवलं. मंचरच्या बाजारातून ते वडापच्या जीपनं यायचे. जीप दारापुढं हळू झाली, की आई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी. एकदा जीपमधून उतरून रस्ता ओलांडताना कांद्याच्या ट्रकनं त्यांना तिथंच उडवलं. तेराव्यानंतर गावकऱ्यांनीच दगड, मुरूम, डांबर टाकून रस्त्यावर उंचवटा केला. शेजारचे काका आईला म्हणाले, "वैनी, आता हितनं कुनी जोरात जायचं न्हाई." खरंच, दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाडी आमच्या दारापुढं हळू व्हायला लागली. आणि प्रत्येक वेळी आई हातातलं काम टाकून तांब्या भरायची, उंबऱ्यापर्यंत जायची, अन् गाडी निघून गेली की पाणी कढीपत्त्याच्या झाडाला ओतायची. मला तिचा भयंकर राग यायचा. गेलेल्या माणसासाठी कसलं पाणी! दिवाळीपर्यंत ट्रकांच्या चाकांनी उंचवटा चेपला, ड्रायव्हर सरावले आणि गाड्या पुन्हा सुसाट जाऊ लागल्या. काका चिडले, आणखी उंच करू म्हणाले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. गाडी जोरात गेली, म्हंजी आपल्याकडं कुनी येत न्हाई, एवढं तरी कळतं." आता आईही नाही, घरात मी एकटीच. दुपारी नव्या स्पीडब्रेकरवर एक जीप हळू झाली आणि मी उठले. जीप निघून गेली. कढीपत्त्यापाशी पोचल्यावर लक्षात आलं, भरलेला तांब्या माझ्या हातात होता.