उलट्या दुर्बिणीचे रामाजी

आमच्या आणि रामाजींच्या घरांमध्ये फक्त पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळक्या झाडांचं, कुंपण होतं, आणि त्या कुंपणातून मी त्यांचा सगळा संसार पाहिला. कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या अंगणात डोकावणं बरं नाही. पण ज्या अंगणात दिवेलागणीनंतर अर्धं गाव आभाळ पाहायला जमतं, तिथे नाही डोकावायचं तर कुठे?

रामाजी आठवडी बाजारात चष्मे विकायचे. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधायची आणि आज भीमपूर, उद्या नेरडीगोंडा. धंद्याला जे अंग लागतं ते मात्र त्यांना नव्हतं. गिऱ्हाइकाने चष्मा नाकावर चढवला की हे आधी सांगणार, "काचेवर चरा हाय, पाहून घ्या." गिऱ्हाईक चष्मा ठेवून पुढच्या दुकानी जायचं. ताराबाई, त्यांची बायको, कपाळाला हात लावायची. मीही त्यांना पुष्कळदा सुनावलं, की भाऊ, एवढं बोलायचं कशाला, तो आंधळा आहे का? ते हसायचे आणि पुढच्या बाजारी पुन्हा तेच करायचे.

शहाऐंशी साली शेपटीचा तारा येणार अशी पेपरात बातमी आली, तेव्हा त्यांनी दुर्बीण केली. विहिरीवरच्या पाइपाचा कापून उरलेला लांबसा तुकडा, त्याच्या एका तोंडाला चष्म्याची सगळ्यात कमी नंबरची काच, आणि दुसऱ्या तोंडाला निर्मल गावच्या एका घड्याळजीने दिलेलं डोळ्याला लावायचं भिंग. अंगणात एक बेचकं रोवून त्यावर ती टेकवायची. तो तारा त्यांना काही सापडला नाही, दुर्बीण मात्र राहिली.

पहिल्याच दिवशी तिची फजिती झाली. रामाजींनी ती समोरच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, धरली, तर त्यात शेजारच्या चंपतरावाचा बैल पाय वर करून चरत होता. गाव पोट धरून हसलं. त्या दिवसापासून त्यांचं नाव उलट्या दुर्बिणीचे रामाजी पडलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. आणखी एक काच घातली तर सुलटं दिसेल, पण तारे अंधुक होतील, म्हणून तसंच ठेवलं. फक्त जो डोळा लावेल त्याला चष्म्यासारखं आधी सांगायचं, "हे उलटं दाखवते बरं."

पण काय काय दाखवलं त्या माणसाने आम्हाला. मी चंद्र पाहिला, तो तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीसारखा फोडाफोडांचा. गुरूच्या बाजूला चार बारीक चांदण्या पाहिल्या. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया त्या अंगणात रांग लावायच्या, आणि रामाजी प्रत्येकीसाठी दुर्बीण नव्याने नीट करायचे, कारण आभाळ सरकून जायचं. कधी कंटाळले नाहीत, कधी कुणाला घाई केली नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, आणि तोंडावर मी ते कधी बोलले नाही, डोक्यावर चढून बसतील म्हणून.

मग सत्त्याण्णव साल आलं. रामाजींच्या रुख्मिणीचं लग्न पैनगंगेपलीकडच्या गावात ठरलं होतं. मुलगा केशव, चांगला मेहनती. पोरीलाही मनापासून आवडला होता. उन्हाळ्यातला मुहूर्त निघाला, आणि नेमकं त्याच वेळी मावळतीकडे शेंडेनक्षत्र उगवलं. ह्या वेळी शोधायलाही नको, नुसत्या डोळ्यांनी दिसायचं, खाली डोकं आणि वर पसरलेली शेपटी.

आमच्याकडे झाडूला फडा म्हणतात. फडा काड्या वर करून उभा ठेवला की घरात भांडणं लागतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता आभाळातच कुणीतरी फडा उलटा उभा करून ठेवलेला. केशवच्या आईने, जयवंताबाईने, निरोप धाडला, उलटा फडा डोक्यावर असताना मी सून आणणार नाही, पुढच्या साली पाहू. पुढच्या साली म्हणजे मोडलंच, हे सगळ्यांना कळत होतं. रुख्मिणी दोन दिवस जेवली नाही.

रामाजी सायकल काढून नदीपलीकडे गेले. विहीणबाईंना एवढंच म्हणाले, की एकदा जवळून पाहा, मग नाही म्हणा.

जयवंताबाई आल्या त्या संध्याकाळी आमची लाईन गेली होती, त्यामुळे आभाळ छान काळंभोर होतं. मी अर्थातच कुंपण ओलांडून हजर होते. रामाजींनी दुर्बीण लावली, आणि विहीणबाईंना उभं राहून वाकावं लागेल म्हणून स्टूल आणायला घरात गेले. तेवढ्यात जयवंताबाईंनी स्वतःच वाकून डोळा लावला.

आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या. मग म्हणाल्या, "फडा त सरळ हाय. दांडा वर, काड्या खाली."

ताराबाईने माझा हात घट्ट धरला. मी पटकन म्हणाले, की हो ना, लांबून डोळ्यांची फसगत होते, यंत्र जवळून पाहतं. जयवंताबाईंना ते पटलंच. त्या म्हणाल्या, की मग मुहूर्त आहे तोच ठेवू. दाराआड बांगड्या वाजल्या, ती रुख्मिणी होती.

आणि रामाजी स्टूल घेऊन दारात उभे. ते आता काय बोलणार, हे मला त्यांच्या तोंडावरच दिसलं. मी डोळ्यांनी खुणावलं. ताराबाईने मान हलवली, नको म्हणून. ते स्टूल खाली ठेवून म्हणाले,

"ईनबाई, हे यंत्र उलटं दाखवते. सांगाचं राहून गेलं. आभाळात फडा तुमी नुसत्या डोळ्यानं पाह्यला तसाच, उलटा हाय."

ताराबाई ओट्यावर मटकन बसली. मला तर त्या माणसाला तेच स्टूल फेकून मारावंसं वाटलं.

जयवंताबाई त्यांच्याकडे वळल्या. "मंग सांगतलं काऊन? मी त हो म्हनलं होतं."

"चष्म्यावरचा चरा बी मी सांगून इकतो," रामाजी म्हणाले. "हे त पोरीचं लगन हाय. उद्या घरात भांडी वाजली त तुमी म्हनसान, रामाजीनं आमाले उलटं दाखवलं."

जयवंताबाई स्टुलावर बसल्या आणि पुन्हा डोळा लावला. आभाळ सरकलं होतं, रामाजींनी गुपचूप दुर्बीण नीट करून दिली. ह्या वेळी त्या इतका वेळ पाहत राहिल्या की रामाजींना ती आणखी एकदा सरकवावी लागली. मग उठल्या, पदर नीट केला.

"घरी आमचे भासरे, केशवचे मोठे काका, इचारतीन, काय दिसलं. मी दिसलं तेच सांगीन. फडा सरळ दिसला. खोटं हाय काय?"

"दिसला त सरळच, पन..."

"तो पन तुमच्यापाशी ठेवा," जयवंताबाई म्हणाल्या. "चरा सांगून चष्मा इकनाऱ्याची पोरगी मी काई सोडत नाही."

लग्न ठरलेल्या दिवशीच झालं. फडा अजून मावळतीला होताच, पण एव्हाना पुष्कळ फिका पडला होता. रामाजी मांडवात सगळ्यांपासून दूर दूर राहत होते. कुणी विचारलं तर सांगावं लागेल, ही एकच धास्ती. अक्षता पडायच्या आधी केशवचे मोठे काका लक्ष्मणराव, म्हणजे तेच भासरे, नेमके त्यांच्या समोर येऊन उभे राहिले. मी पानाचं ताट घेऊन बाजूलाच होते.

"काहो, तुमच्या दुर्बिणीतून फडा सरळ दिसते म्हनतेत. खरं काय?"

रामाजींनी तोंड उघडलं. पलीकडे बाशिंग बांधलेली रुख्मिणी बसली होती, आणि तिच्या मागून जयवंताबाई एकटक ह्यांच्याकडे पाहत होत्या.

"दिसते," रामाजी म्हणाले, आणि माझ्या ताटातला विडा उचलून तोंडात कोंबला. त्या माणसाने जन्मात कधी पान खाल्लं नव्हतं.