दूरच्या ग्रहावरची जमनामावशी

ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, त्यांचा तो कडवट हिरवा वास, आणि भिंतीलगतच्या सावलीत मांडीवर सूप घेऊन ओळीनं बिड्या वळत बसलेल्या सात-आठ बाया... बिरसी विमानतळाजवळच्या आमच्या गावातली माझी प्रत्येक दुपार याच चित्रानं सुरू होई. कात्र्यांचा कचकच आवाज, तंबाखूच्या भुकटीनं मध्येच कुणाला येणारी शिंक, आणि वर शिकाऊ वैमानिकांची विमानं – ती इतकी खालून जात, की आमच्या छपराच्या कवेलूंवरचं शेवाळ पुसून निघे. (बरं, पुसून नव्हतं निघत. पण मी तसं सांगायची, आणि ऐकणारे वर बघायचे.)

त्या उन्हाळ्यात शाळेच्या कपाटातून मला एक कादंबरी मिळाली. मुखपृष्ठ उंदरांनी खाल्लेलं, शेवटची पानं गायब. एका बर्फाळ पर्वतावर बसून काही शास्त्रज्ञ अतिदूरच्या एका ग्रहावरचे जीव न्याहाळत असतात. त्या जीवांना याची गंधवार्ताही नसते. त्यांतला म्हातारा शास्त्रज्ञ नव्यांना बजावतो – दिसेल तेच लिहा; कळलं नाही, तर तिथे जागा कोरी सोडा. ती कादंबरी मी शंभर वेळा वाचली असेल. निदान तीनदा तरी नक्कीच.

मग मीही वेधशाळा काढली. कापडाच्या दुकानातली थान गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी ही माझी दुर्बीण, आणि आमच्या भाताच्या तणसाच्या ढिगाचा माथा हा माझा पर्वत. ग्रह म्हणून ती बायांची ओळ निवडली, आणि जीव म्हणून जमनामावशी. शेजारीण; एकटी राहणारी, सडसडीत, कमी बोलणारी. बाकीच्या बाया बिड्या वळता वळता अख्ख्या गावाची सालं काढत. ही मात्र मान खाली घालून बसे, आणि तिचे ओठ सारखे हलत असत.

ते ओठ का हलत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती मोजत असे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. एकही कमी भरली, तर कारखान्यात चारचौघांत बोलणी खावी लागत, म्हणून ती प्रत्येक बिडीला आकडा म्हणायची. तेवीस, चोवीस, पंचवीस – आणि दोऱ्याची गाठ. मला ते स्वच्छ दिसत होतं. पण वहीत लिहायला ते फारच रोडकं वाटलं. मी लिहिलं – हा जीव पानांशी बोलतो. त्याचा मंत्र ऐकताच पानं आपोआप वळतात. एकदा तर त्याच्याकडे बघून कोंबडी चार पावलं उलटी चालली.

हे वाचन मी हातपंपावर केलं. बाया पाणी भरायचं विसरल्या. इतकी दाद मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही...

पुढच्या आठवड्यात पार्बताबाईचा लहानगा तापानं फणफणला. ओळीत जमनामावशीच्या शेजारी बसायची ती हीच पार्बताबाई. कुणीतरी म्हणालं, "मंतर मारते ना थे, पोरीनं डोऱ्यानं पायलं." पोरीनं म्हणजे मी. दुसऱ्या दुपारी मावशी सूप घेऊन आली, तशी ओळ हळूच सरकली – कुणी उठलं नाही. फक्त दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी ती आपल्या अंगणात एकटीच वळत बसली. भाताच्या रोवणीला तिला कुणी बोलावलं नाही. पोर बरं झालं, तरीही नाही.

एकदा तिनं मला कुंपणाशी गाठलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुले तं दिसत होतं ना वं, मी मोजून राहिली होती?"

मी होकाराची मान हलवली.

"मंग काऊन नाई सांगतलं?"

मी तशीच हातपंपावर गेले नि म्हणाले, मावशी बिड्या मोजते, दुसरं काही नाही. पार्बताबाई कळशी ठेवून हसली. "आली गप्पाडी! काल मंतर, आज मोजनी. उद्या का सांगशीन वं?" सगळ्या हसल्या. आणि मी – हे लिहिताना कान तापतात – मीही हसले. जणू ही दुसरी थापच होती. दिवाळीच्या आत जमनामावशी घराला कुलूप लावून भावाच्या गावी निघून गेली.

कोंबडीची ती गोष्ट मी पुढे पुष्कळ सांगितली... वसतिगृहात, लग्नात, कचेरीत. कोंबडी दहा पावलं उलटी चालू लागली. लोक पोट धरून हसत. ओळ सरकल्याचं मी कधीच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी गोंदियाच्या बसस्थानकावर ती दिसली. केस पांढरे, सोबत आठ-नऊ वर्षांची भाची. मी ओळखलं, आणि खांबाआड व्हायच्या आत तिनंही ओळखलं.

"हे कोन हाय वं आत्या?"

"आमच्या गावची. लय गोष्टी सांगते."

"सांग ना वं एक!"

मी सांगितली. विमानाच्या पंखावर बसून शाळेत गेल्याची. मुलगी खिदळली, मावशीसुद्धा हसली, आईची विचारपूस केली, आणि पिशवी मांडीवर घेऊन मला बाकावर जागा करून दिली. मी बसले. त्यांची गाडी लागायला बराच वेळ होता. तेवढ्यात माफीचं एक वाक्य सहज बोलून झालं असतं.