भिलाईची कार्टूनवाली बाई

दुर्ग स्टेशनाबाहेर पाऊल टाकले आणि माझी पांढरी साडी गेरूच्या रंगाची झाली. भिलाईच्या लाल धुळीविषयी भाऊजींनी आधी सांगितले होते, पण ती पाहुण्यांना घ्यायला थेट स्टेशनापर्यंत येते हे सांगितले नव्हते.

मी नागपुरात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि मला कार्टूनच्या चित्रपटांचे वेड आहे. वेड म्हणजे असे, की मुख्य चित्रपटाआधी दाखवतात ती छोटी रंगीत फीत पाहण्यासाठी मी तिकीट काढते आणि पडद्यावर नायक-नायिका आली की उठून घरी जाते. अमेरिकेची कार्टुने मला हसवतात. त्यांतली मांजरे सपाट होतात, फुगतात, पुन्हा धावतात. पण एकदा मी रशियन कार्टून पाहिले. त्यातला कोल्हा धावता धावता थांबला आणि नुसता विचार करीत उभा राहिला. कागदावरचा कोल्हा, आणि विचार करतो! त्या दिवसापासून ते कार्टून जिथे बनले तो मॉस्कोचा स्टुडिओ म्हणजे माझ्या लेखी स्वर्ग होता.

म्हणूनच भाऊजी नागपूरला आले असताना चहा पिता पिता सहज म्हणाले, "आमच्या तिकडं एक रशियन बाई हाय. लग्नाआधी मॉस्कोत कार्टून बनवत होती म्हन्ते. तुह्या बहिनीची मैत्रीण हाय," तेव्हा मी चहा तसाच ठेवून रजेचा अर्ज लिहायला बसले.

भाऊजी घ्यायला आले होते. रशियाच्या मदतीने उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लँटच्या, बसमधून आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट चिमण्या, क्रेन, तंबू आणि नव्या क्वार्टरांच्या रांगा. जणू कोणीतरी पेन्सिलीने गाव काढून ठेवले होते आणि रंग भरायचे राहिले होते. बसमध्ये पंजाबी, बंगाली, मल्याळी, तेलुगू ऐकू येत होते. मराठी कानावर आली ती फक्त भाऊजींची, आणि तीही कंडक्टरशी भांडताना.

माझ्या बहिणीचे, शांताताईचे, क्वार्टर दोन खोल्यांचे. शेजारी एका बाजूला पंजाबी कुटुंब, दुसऱ्या बाजूला मल्याळी. रशियन कुटुंबांची घरे तिथून हाकेच्या अंतरावर. मी हातपाय धुऊन फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, ताई हे इथल्या बायांकडून शिकली) खायला बसले, तोच दार वाजले. दारात सोनेरी केसांची, उन्हाने लाल झालेली एक उंच बाई उभी होती. तिने हात जोडले आणि म्हणाली,

"जय भीम. तू कुंदा व्हय नं? शांता रोज तुह्यंच सांगून राहिली होती."

माझ्या घशात फरा अडकला. ताईने पाठीत एक धपका घातला, तो खोकला थांबावा म्हणून की तोंड बंद राहावे म्हणून, ते मला तेव्हा कळले नाही.

हीच ती रशियन बाई, नीना. ती पाटावर बसली, ताईने वाढलेला ठेचा तिने साध्या चटणीसारखा संपवला आणि अभिमानाने मला विचारले, "माही हिंदी कशी हाय?"

"हिंदी?" मी म्हणाले.

"कुंदे," ताई म्हणाली, "आत ये जरा. पाण्याचा गुंड उचलाले."

गुंड, म्हणजे हंडा, रिकामाच होता. स्वयंपाकघरात ताईने सगळे सांगितले. गेल्या वर्षी बाजारात नीनाने तिच्याकडे बोट दाखवून "हिंदी?" असे विचारले आणि ताईने मान डोलावली. मग नीना रोज यायला लागली, वस्तूंना हात लावून नावे विचारायला लागली आणि ताई सांगत गेली, आपल्या बोलीत.

"अवं, पण तू तिला सांगायचेस तरी!"

"मले तरी कुठी हिंदी येते? अन् बाजारातल्या बाया छत्तीसगढीत 'मोला' म्हन्ते, मी 'मले' म्हन्तो. तिले वाटलं, थोडा उच्चाराचा फरक हाय."

"आणि तिच्या नवऱ्याला, साहेब लोकांना कळले नाही?"

"तो कामावर दुभाषा घेऊन फिरते. ही घरीच राह्यते." ताईचा आवाज एकदम खाली आला. "पण कुंदे, आता लेकरायले कार्टून दाखवनार हाय क्लबच्या मैदानात. सिनेमाच्या आधी नीना हिंदीत भाषण करनार हाय. मोठे साहेब येनार. अन् भाषण मीच पाठ करून घेतलं."

मला हसू आवरेना. ताईच्या डोळ्यांत मात्र पाणी होते, म्हणून मी पदराआड हसले.

भाषण सुधारण्याचे काम माझ्यावर आले. दुसऱ्या दिवशी मी नीनाला म्हटले, "'मले' नाही, 'मुझे' म्हणा." तिने कीव आल्यासारखे माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "नाई. शांता 'मले' म्हन्ते. तू नागपूरची, तुले इथली हिंदी माहीत नाई." मी माघार घेतली. खरे सांगायचे तर मला भाषणापेक्षा स्टुडिओत रस होता.

"तुम्ही कोणते प्राणी काढायच्या?" मी विचारले. "कोल्हा? अस्वल?"

"बर्फ," नीना म्हणाली.

"आणि?"

"बर्फच. मागचं चित्र असते नं, त्याच्यात. ससा दुसरी बाई काढे. मी बर्फ रंगवो. सकाळी बर्फ, दुपारी बर्फ. घरी जाऊन राहिली, तं रस्त्यावर बी बर्फ."

माझ्या स्वर्गातली देवता सबंध दिवस बर्फ रंगवत होती! मी थोडी हिरमुसले. पण मग तिने माझे रंग मागितले आणि एका कागदावर फिकट निळा, त्याखाली गुलाबी, कडेला किंचित पिवळा लावला. पांढरा कुठेच नव्हता. तरी तो कागद पाहून, कपाळावरून घाम ओघळत असताना, मला थंडी वाजल्यासारखे झाले. "पांढरा लावला तं मेला बर्फ," ती म्हणाली. अशा खोलीभर बाया, प्रत्येकीच्या हाती आकाशाचा नाहीतर झाडाचा एक तुकडा, आणि त्या सगळ्यांमधून धावणारा एक ससा. मी विचारीत राहिले आणि ती सांगत राहिली. माझ्या बहिणीच्या बोलीत मॉस्कोचा स्टुडिओ मला पहिल्यांदा दिसला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदान भरून गेले होते. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक आणि रशियन कुटुंबे, मध्ये सतरंज्यांवर आम्ही, मागे दूरच्या तंबूंच्या कॅम्पमधून आलेले कामगार, बायका, पोरे. लांब प्लँटच्या बाजूला स्लॅग (वितळलेल्या लोखंडावरची मळी) ओतली जात होती आणि आकाश मधूनच लाल होत होते. ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या.

नीना माइकसमोर आली. निळा झगा, केसांत अबोली. तिने हात जोडले.

"जय भीम!"

पुढच्या खुर्च्यांवरचे साहेब एकमेकांकडे पाहू लागले. मागून मात्र कॅम्पमधली, विदर्भातून मजुरीला आलेली आमची माणसे एकदम उभी राहिली आणि "जय भीम!" असा आवाज आला की पडदा हलला. नीनाला वाटले, भाषण जमले. तिचा चेहरा फुलला.

"पोट्टेहो, गोंधळ नोका करू. मी तुमाले कार्टून कसं बनते ते सांगून राहिली..."

मागे हशा, शिट्ट्या, टाळ्या. कोणीतरी ओरडले, "सांग वं माय!" पुढे एका साहेबांनी दुभाष्याकडे वाकून विचारले, "यह कौन-सी भाषा है?" दुभाष्या हा पुस्तकातून हिंदी शिकलेला तरुण रशियन. तो गोंधळून उभा राहिला आणि माइकजवळच होता म्हणून त्याचे उत्तर सगळ्या मैदानाने ऐकले. "श्रीमान, यह हिंदी नहीं है."

नीना थांबली. तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग गर्दीत ताईला शोधले.

"शांता?" ती माइकवरच म्हणाली.

ताईने पदर तोंडावर घेतला. नीना पुढे रशियनमध्ये दोन वाक्ये बोलली आणि खाली उतरली. लगेच कार्टून सुरू झाले. झोप न येणाऱ्या एका अस्वलाची गोष्ट होती. मुले हसत होती. मला मात्र त्या अस्वलाच्या मागचा बर्फ दिसत होता, आणि पहिल्या रांगेत ताठ बसलेली नीनाची पाठ. ताई अर्ध्यातूनच घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नीना आली नाही. त्यानंतरही नाही. ताईने भाजी जाळली, भाऊजींवर विनाकारण चिडली. भाऊजी म्हणाले, "माफी माग नं जाऊन." "कोनत्या भाषेत मागू?" असे म्हणून ताई रडायला लागली.

माझ्या निघायच्या आदल्या सकाळी दार वाजले. नीनाच होती. ती पाटावर बसली नाही, उभीच राहिली. दुभाष्याकडून पाठ करून आली असावी.

"नमस्ते. मैं आपसे एक प्रश्न पूछना चाहती हूँ. आपने मुझसे असत्य क्यों कहा?"

ताईने हिंदीत प्रयत्न केला. "मेरे को... इधर..." पुढे शब्द सापडेना. मग तिने तो नाद सोडला. "मले बोलाले कोनी नोतं व. आजूबाजूले सगळे आपापल्या भाषेत बोलत होते. हे कामावर जात, मी भिंतीसंग बोलो. तू आली, अन् मी एकेक शब्द सांगत गेली. मंग थांबताच आलं नाई."

नीनाच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. ती अतिशय शुद्ध उच्चारात म्हणाली, "मुझे अत्यंत दुःख हुआ है. सब लोग मुझ पर..." आणि एकदम ओरडली, "अवं शांता, दूध! ऊतू चाललं नं बाप्पा! कावून पाहून राहिली?"

ताई चुलीकडे धावली. फडक्याने भांडे उतरवेपर्यंत निम्मे दूध गेले होते. खोलीत करपट वास पसरला. नीना स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभी होती. मग तिने हात काढला.

"हिंदीत दुधाले काय म्हन्ते?" तिने मला विचारले.

"दूधच," मी म्हणाले.

"अन् चहाले?"

"चाय."

"म्हंजे थोडी तं हिंदी शिकवली हिनं," नीना म्हणाली आणि धप्पकन पाटावर बसली. ताई हसत होती की रडत होती, ते धुरामुळे कळत नव्हते. चहा उरल्यासुरल्या दुधाचा झाला. तिघींनी तो चवीने घेतला.

परतीच्या गाडीत गोंदिया येईपर्यंत मी ताईला कसे रागवायला हवे होते याचा विचार करीत होते, आणि एकही चांगले वाक्य सुचले नाही. परक्या गावात "जेवली का व?" असे विचारणारे कोणी नव्हते, म्हणून तिने असे एक माणूस शब्दाशब्दाने घडवून घेतले होते. इतकी मेहनत माझ्या लाडक्या स्टुडिओनेही एखाद्या पात्रावर घेतली असेल की नाही, शंका आहे.

पुढे भाऊजी नागपूरला आले तेव्हा मी दोघींची चौकशी केली. नीना आता दुभाष्याच्या हिंदी वर्गाला जाते आणि सोबत म्हणून ताईलाही नेते.

"मग येते का हिंदी?" मी विचारले.

"कायची येते!" भाऊजी म्हणाले. "मास्तरनं दोघीले वेगवेगळं बसवलं. वर्गात मराठीत गप्पा मारते म्हनून."