आधी दहा मापं

चार माणसं एका कामात जुनी झाली की किस्से आपोआप साचतात. शिलाई मशीनखाली चिंध्या साचतात ना, तसे! मुद्दाम कोणी टाकत नाही, पण झाडायला घेतलं की ढीग निघतो. हल्ली माझं कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून म्हटलं, झाडूनच टाकू.

आमचं 'बेतणी' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. माणसाची मापं भरली की ते कपडा कापायचा कागदी नमुना छापून देतं. फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे. कोणीही बघावा, सुधारणा पाठवावी, पटली तर आम्ही ती घेतो. म्हैसूरमधले बरेच शिंपी रोज त्यावर कपडे बेततात.

ते लिहिलं अण्णांनी. अण्णा पिढीजात शिंपी, इथलेच मराठी, पाच वाक्यांत तीन शब्द कन्नड! चाळिशीत दुकान सांभाळून कोडिंग शिकले. आता त्यांची नजर अधू झालीय, स्क्रीनवरचं वाचायला त्रास होतो. त्यामुळे आलेल्या सुधारणा तपासायचं काम माझ्याकडे आणि विनायक शिंदेकडे आहे.

गेल्या युगादीला, म्हणजे पाडव्याला, अण्णांनी आम्हा दोघांना बोगादी भागातल्या त्यांच्या घरी बोलावलं आणि सरळ सांगितलं, "दसऱ्यापर्यंत एक तरी नवा माणूस टिकला पाहिजे बघा. नाहीतर मी 'बेतणी' बंद करतो. तुम्ही दोघं जन्मभर पुरणार काय?"

दसरा आता तीन आठवड्यांवर आलाय. नवा माणूस एकही नाही.

*

मी स्वतः नवी होते तेव्हाची गोष्ट. कऱ्हाडहून नोकरीसाठी म्हैसूरला आले होते, ओळखीचं कुणी नव्हतं. कुठूनतरी 'बेतणी' सापडलं आणि मी मोठ्या झोकात एक सुधारणा पाठवली. अण्णांचं उत्तर आलं, "माप घेता येतं काय?"

हा त्यांचा नियम. पहिली सुधारणा घेण्याआधी नव्या माणसाने दहा जणांची मापं घेऊन वहीत लिहायची. ज्याच्या अंगावर कपडा जाणार त्याला हात लावल्याशिवाय कोड लिहायचा नाही!

गेले अण्णांच्या दुकानात. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक लाजाळू गृहस्थ. मी टेप लावली, आकडा वाचला आणि ऐटीत लिहिला : छाती १०६. अण्णांनी वही डोळ्यांजवळ नेली, मग त्या गृहस्थांकडे पाहिलं, मग परत वहीकडे.

"अय्यो सुजाता! हा माणूस हाय की पाण्याची टाकी?"

मी टेप उलटी धरली होती. इंचांऐवजी सेंटिमीटरची बाजू! अख्खं दुकान हसलं, ते गृहस्थही हसले. मला रडूच यायचं बाकी होतं. अण्णांनी टेप माझ्या हातात सुलटी करून दिली, समोर फिल्टर कॉफी ठेवली आणि म्हणाले, "स्वल्प कॉफी घे आधी. अजून नऊ राहिलेत." मी टिकले ती त्या कॉफीमुळे, हे आज कळतंय.

*

विनायकचं सांगायलाच हवं. हा म्हैसूरजवळच्या हिनकलला राहतो. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, आणि ते तो कुणालाही दहा मिनिटांच्या वर विसरू देत नाही. एकदा मी म्हटलं, नव्या लोकांना थोडं लवकर काम देऊ या. तर छाती काढून म्हणाला, "आमच्या फौजेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी घोडा देत नव्हते!"

अण्णा कोपऱ्यात काज करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणून तू स्कूटरवर आहेस."

*

मग आला पुण्याचा, इथे नोकरीला असलेला एक पोरगा. हुशार, आणि तोंडाने त्याहून हुशार! पहिल्याच आठवड्यात 'बेतणी'च्या ग्रुपवर लिहिलं, "तुमचा कोड जुनाट आहे, सगळा नव्याने लिहायला हवा." दहा मापं त्याने दोन दिवसांत उरकली आणि खरंच बसून भराभर लिहीत सुटला. लिहिता लिहिता एका ठिकाणी शर्टाच्या पाठीत अर्धा इंच जास्त धरलेला दिसला. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. "विनाकारण आहे," म्हणाला आणि काढून टाकला.

 विनायकने त्या पोराचंच माप भरलं, त्याच्याच कोडने नमुना छापला, शर्ट शिवून घेतला आणि त्याला रविवारी जेवायला बोलावलं. पोरगा खूश! शर्ट घालून पानावर बसला. पहिला घास उचलला आणि हात खांद्याखालीच अडकला. जोर लावावा तर शिवण करकरते! शेवटी मान खाली घालून तोंड घासापाशी नेलं.

विनायकने शांतपणे विचारलं, "अर्धा इंच सापडला काय?"

आम्ही पुढचे दोन महिने हसत होतो. तो पोरगा त्यानंतर आलाच नाही. का आला नाही, हे आम्ही कुणी विचारलंही नाही. आणि ते कारण? ते आम्ही कोडमध्ये आजही लिहिलेलं नाही!

*

रक्षिता ही म्हैसूरजवळच्या के. आर. नगर गावची. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ग्रुपवर कन्नडमध्ये लिहायची, फार अदबीने. तिने तीन प्रश्न विचारले. तिन्हींना आमचं उत्तर एकच, "हे आधी बोलून झालंय."

"कुठे लिहिलंय?" तिने विचारलं.

विनायकने लिहिलं, "अण्णांच्या डोक्यात."

"मग अण्णांचं डोकं कुठून डाऊनलोड करू, सर?"

मी ऑफिसमध्ये मोठ्याने हसले. उत्तर मात्र दिलं नाही. त्याच आठवड्यात तिची सुधारणा आली. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या बायकांचे ब्लाऊज मागून वर चढतात, त्यासाठी एक जादा माप. चांगलं होतं, खरंच चांगलं होतं. मी लिहिलं, "नियम वाचा. दहा मापं घ्या, वही पाठवा. मग बोलू."

तिचं उत्तर आलं, "मॅडम, माझी आई घरी ब्लाऊज शिवते. तिची मापाची वही मी सातवीपासून लिहितेय. ती चालेल का?"

त्या दिवशी माझ्या डोक्याला शंभर व्याप होते. मी लिहिलं, "नियम सगळ्यांना सारखा."

ती ग्रुप सोडून गेली. गेली तर गेली, म्हटलं! पण तेव्हापासून भाजी चिरताना, सिग्नलला थांबले असताना, कुठेही ती वही डोळ्यांपुढे येते. एक शब्द 'चालेल' लिहायला माझं काय जात होतं? स्वतःचाच राग येतो.

*

राग येतो म्हणून माणूस सुधारतो थोडाच! परवा-परवाचा हा किस्सा.

गोविंद बी. नावाच्या कुणा नव्या माणसाची सुधारणा आली. एवढुशी. स्क्रीनवरची अक्षरं मोठी करायचं एक बटण. मी सवयीने तेच चिकटवलं, "नियम वाचा. दहा मापं घ्या, वही पाठवा. मग बोलू."

"मापं कुठे जाऊन घ्यायची, मॅडम?"

"हे आधी बोलून झालंय. जुने मेसेज वाचा."

"नजर कमी आहे. जुने मेसेज फार आहेत. आपण दोन ओळीत सांगाल का?"

मीटिंगला उशीर होत होता. मी लिहिलं, "वेळ सगळ्यांनाच कमी असतो."

पुढे काही आलं नाही. गेला, आणखी एक गेला, असं वाटून मला दिवसभर चैन पडेना. माफी मागायला मेसेज लिहिला आणि खोडला. परत लिहिला, परत खोडला.

नवव्या दिवशी त्याच्याकडून एक फोटो आला. वहीचं पान, दहा मापं. अक्षर मोठं, थरथरतं, ओळी खाली घसरलेल्या, पण एकही माप सुटलेलं नाही. मी एकेक ओळ तपासत खाली आले. दहाव्या ओळीत लिहिलं होतं :

नाव : पाण्याची टाकी. छाती : १०६.

त्याखाली मेसेज होता, "दहा झाली, मॅडम. आता घ्याल काय? आणि त्या के. आर. नगरच्या पोरीच्या आईची वही मागवलीत काय?"